सातव्या महिन्यातच ठरवा

रोहिणीचे नक्षत्र लागले की शेतकऱ्याच्या घरात कोणाला बसायला सवड नसते. बियाणे आणून ठेवायचे, पाभर नीट करून घ्यायची, खताची पोती कोरड्यात रचायची, ट्रॅक्टरवाल्याला आधी सांगून ठेवायचे. मृगाचा पाऊस पडल्यावर पाभर शोधायला निघणाऱ्या माणसाला गाव हसते. जनावरांचेही तसेच. गाय कोणत्या तारखेला भरवली हे आपण कॅलेंडरवर लिहून ठेवतो. दिवस भरत आले की घरातला एक जण रात्री उठून गोठ्यात चक्कर मारतो. वासरू अडले तर जनावरांच्या डॉक्टरला आणायला कोणी जायचे, तेही ठरलेले असते.

त्याच घरात सुनेचे दिवस भरत आलेले असतात. तिच्या बाळंतपणाचे काय ठरले आहे, असे विचारले तर पुष्कळ ठिकाणी उत्तर मिळते, "बघू, कळा तर सुरू होऊ देत."

मायबहिणींनो, आणि हे पान शेवटी का होईना पण वाचणाऱ्या कारभाऱ्यांनो, आज या "बघू"विषयीच बोलायचे आहे.

आधी चांगली गोष्ट सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली महाराष्ट्रात शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ९५ च्या जवळ गेला. बाळंतपणाच्या कारणाने दगावणाऱ्या मातांची संख्या २००१-०३ या काळात आपल्या राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ होती, ती २०१८-२० या काळात ३३ वर आली. त्याच काळात देशाचा आकडा ३०१ वरून ९७ वर उतरला. हे काम आशाताईंचे आहे, नर्सबाईंचे आहे, रस्ते झाले त्यांचे आहे, आणि हट्टाने सुनेला दवाखान्यात नेणाऱ्या सासवांचेही आहे.

मग हा विषय आता कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याचे कारण असे, की राहिलेली बाळंतपणे सगळ्या गावांत सारखी वाटलेली नाहीत. ती डोंगरावरच्या पाड्यांत आहेत, नदीपलीकडच्या वस्त्यांत आहेत, उसाच्या फडात आहेत, आणि ज्या घरात रोजचा रोज आणून खावे लागते तिथे आहेत. दुसरे असे, की दवाखान्यात झालेल्या बाळंतपणांतही काही बाया फार उशिरा पोचलेल्या असतात. दवाखान्याचे दार गाठले म्हणजे वेळेत गाठले, असे होत नाही.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्या दोघा जाणकारांनी १९९४ साली एक निबंध लिहिला. त्यांनी उशिराचे तीन प्रकार सांगितले. पहिला उशीर घरात होतो, जायचे की नाही हे ठरवताना. दुसरा वाटेत होतो. तिसरा दवाखान्यात पोचल्यावर होतो, योग्य उपचार मिळेपर्यंत. जगभर आजही याच तीन उशिरांच्या हिशेबाने या प्रश्नाकडे पाहतात. आपणही तसेच पाहू.

घरातला उशीर

सासूबाई म्हणतात, "आमची पाचही घरीच झाली. काय झालं आम्हाला?" सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. बहुतेक बाळंतपणे नीटच पार पडतात. पण शंभरातल्या साधारण पंधरा बायांना काही ना काही मोठी अडचण येते, आणि त्या पंधरा कोणत्या हे आधी पुरते सांगता येत नाही. पहिली चार नीट झालेली बाईसुद्धा पाचव्या वेळी अडते. शिवाय सासूबाईंनी एक गोष्ट आठवून पाहावी. आपल्या भावकीत "बाळंतपणात गेली" अशी एखादी आत्या, एखादी थोरली जाऊ होती की नाही? तिचेही बाळंतपण घरीच झाले होते.

बाळ झाल्यावर अंगावरून रक्त जाणे थांबले नाही, तर धडधाकट बाई दोन तासांच्या आत हाताची जाऊ शकते. तिच्या अंगात आधीच रक्त कमी असेल तर आणखी लवकर. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या राज्यातल्या शंभर गरोदर बायांपैकी सुमारे ४६ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या. दवाखान्यात बाळ बाहेर आल्याबरोबर नर्सबाई एक इंजेक्शन देतात. त्याने पिशवी आवळते आणि रक्त कमी जाते. घरी ते मिळत नाही. दोन तासांत गाडी शोधून, तालुका गाठून, रक्त चढवणे किती गावांना जमेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

दुसरी अडचण पैशाची. कळा सुरू झाल्यावर घरात रोख किती आहे ते पाहिले जाते. पेरणीच्या दिवसांत नसतेच. मग उसने मागायला माणूस जातो, तो तासाभराने येतो. खरे पाहता सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, ते पुढे सविस्तर सांगते. पण बरोबरच्या माणसाचे जेवण, एखादे वेळी गाडीभाडे, ऐनवेळची धावपळ यांना चार पैसे लागतातच.

तिसरी अडचण निर्णय घेणाऱ्याची. कारभारी बाजाराला गेलेले, मामंजी शेतात, आणि त्यांना विचारल्याशिवाय सुनेला न्यायचे कसे? ज्या बाईच्या पोटात दुखते आहे, तिला स्वतःला "मला आत्ता न्या" असे म्हणण्याचा अधिकार पुष्कळ घरांत नाही. ती मुकाट्याने सोसते आणि भाकरी थापत राहते. सोसण्याचे कौतुक आपल्याकडे फार. या एका कामात ते महागात पडते.

चौथी अडचण लाजेची आणि भीतीची. "पुरुष डॉक्टर असला तर?" हा प्रश्न आजचा नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला, आणि उपचारांवाचून तो दहा दिवसांत गेला. अमेरिकेला जाण्याआधी १८८३ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केले. आपल्या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे म्हणून मी शिकायला जाते, असे त्यांनी तिथे सांगितले. १८८६ साली त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपण बहुधा नर्सबाईच करतात. तरी लाज वाटत असेल तर आधी एकदा तपासणीला जाऊन तिथल्या बाईंची ओळख करून घ्यावी. ओळखीच्या माणसापुढे भीती निम्मी होते.

"दवाखान्यात नेलं की पोट फाडतात" हीही एक भीती. तिच्यात थोडे तथ्य आहे, थोडे नाही. २०१९-२१ च्या पाहणीत देशभरात खासगी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ४७ सिझर झाली, सरकारी दवाखान्यांत सुमारे १४. म्हणजे सरकारी दवाखान्यात गेले की सिझरच होते, हे खरे नाही. आणि बाळ आडवे असेल, वार पुढे आली असेल, तेव्हा सिझरनेच दोन्ही जीव वाचतात. डॉक्टरांना "कशासाठी?" असे विचारावे. विचारायला लाजू नये.

पाचवी अडचण कोणी मोजत नाही, ती म्हणजे मागे राहणाऱ्या घराची. थोरल्या पोराला कोण सांभाळणार? दोन वेळची धार कोण काढणार? डेअरीला दूध कोण घालणार? बाई दवाखान्यात जायला मागेपुढे पाहते, आणि गेली तरी बाळ होताच घरी पळायला बघते, ते यापायीच. पण बाळंतपणानंतरचे पहिले दोन दिवस धोक्याचे असतात, आणि त्यातही पहिला दिवस सर्वांत जास्त. निदान ४८ तास दवाखान्यात राहायला हवे. शेजारणीला, जावेला हे आधी सांगून ठेवले तर जमते. ऐनवेळी जमत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या रीतीतली. पहिले बाळंतपण माहेरी. रीत चांगली आहे, लेकीला विसावा मिळतो. पण नाव नोंदवलेले असते सासरच्या उपकेंद्रात, कार्ड राहते सासरच्या ट्रंकेत, आधारकार्डावर नाव माहेरचे आणि बँकेत सासरचे. माहेरच्या आशाताईला ही बाई आली आहे हेच ठाऊक नसते. रक्त किती होते, रक्तदाब किती होता, हे नव्या डॉक्टरांना कळत नाही, आणि योजनेचे पैसे नावाच्या घोळात अडकतात. म्हणून लेक माहेरी निघाली की साडीचोळीआधी तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत घालावे. माहेरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी तिथल्या आशाताईकडे नाव घालावे.

वाटेतला उशीर

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संबंध तुटतो. नंदुरबारच्या धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवरून आजही बाईला बांबूला बांधलेल्या झोळीतून सडकेपर्यंत आणावे लागते. मेळघाटात, कोकणातल्या धनगरवाड्यांवर हीच कथा. पण हे फक्त डोंगरातच होते असे समजू नका. मळ्यात राहणाऱ्या घरापासून गावापर्यंतचा पाणंद रस्ता पावसाळ्यात चिखलाने बंद होतो. गाव सडकेवर असले तरी बाई सडकेवर नसते.

२०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. पण गाडीला यायला वेळ लागतो. फोन करणाऱ्याला आपल्या वस्तीची खूण नीट सांगता यायला हवी, आणि जिथे फोन लागत नाही तिथे कोणत्या टेकाडावर जाऊन लावायचा हे ठाऊक हवे. म्हणून दुसरी गाडीही ठरवून ठेवावी. गावात कोणाकडे जीप असेल, टेम्पो असेल, त्याला आधीच सांगावे, "अमुक महिन्यात रात्री-अपरात्री हाक मारू." असे सांगितलेला माणूस नाही म्हणत नाही. गाडी फाट्यापर्यंतच येत असेल, तर तिथवर बाईला बाजेवर न्यायला चार गडी कोण, तेही ठरवावे.

पावसात वाट बंदच होते अशा ठिकाणी उपाय एकच. दिवस भरण्याआधी दवाखान्याजवळ जाऊन राहणे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ सरकारने याचसाठी "माहेरघर" बांधले आहे. गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधी तिथे यायचे. लहान मूल आणि एक नातेवाईक बाई बरोबर राहू शकते. नावच माहेरघर, म्हणून तिथे जायला संकोच नको. जिथे ही सोय नाही तिथे तालुक्याच्या गावी मावशी असेल, आतेबहीण असेल. आठ दिवसांचा पाहुणचार कोणी नाकारत नाही.

दवाखान्यातला उशीर

सगळ्याच दवाखान्यांत सगळे होत नाही, हे आपल्याला ठाऊक नसते. सरकारी हिशेबाने साधारण पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते. आदिवासी भागात हा आकडा तीन हजार आणि वीस हजार. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधे बाळंतपण होते. सिझर आणि रक्त चढवणे यांसाठी बहुधा पुढे जावे लागते, उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याला. सोयीचे ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथे. पण कोणत्या ग्रामीण रुग्णालयात खरोखर सिझर होते आणि कोणत्या नाही, हे गावोगाव वेगळे असते. बाईला आधी इथे न्यायचे, तिथून तिथे पाठवायचे, तिथून जिल्ह्याला, अशा फेऱ्यांतच रात्र सरते.

म्हणून धोक्याची बाई कोण, हे आधीच ओळखावे. आधी सिझर झालेले आहे, जुळे आहे, बाळ आडवे किंवा पायाळू आहे, रक्तदाब वाढलेला आहे, हिमोग्लोबिन ७ पेक्षा खाली आहे, बाईची उंची फार कमी आहे, मागच्या वेळी रक्त फार गेले होते किंवा मूल पोटातच गेले होते, अशा बाईचे नाव थेट मोठ्या दवाखान्यात घालावे. हे कळायला तपासणी हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. चौथ्या महिन्यापासून ती तारीख चुकवू नका. त्या दिवशी खुरपणीचा रोज बुडाला तरी चालेल.

आता वागणुकीचे. दवाखान्यात खेकसतात, "एवढं ओरडायला काय झालं?" म्हणतात, कपड्यावरून आणि जातीवरून माणूस जोखतात, असे बाया सांगतात. एकदा असे बोलणे ऐकलेली बाई दुसऱ्या वेळी घरीच राहते, आणि चार जणींना सांगते. दवाखान्यात काम करणारी कोणी भगिनी हे वाचत असेल तर तिला हात जोडून सांगणे आहे. तुमच्यावर कामाचा बोजा आहे हे आम्ही जाणतो, पण तुमचा एक गोड शब्द पुढची दहा बाळंतपणे दवाखान्यात आणतो. आणि घरच्यांनी हे ध्यानात ठेवावे, की बाळंतिणीजवळ तिच्या विश्वासाची एक बाई राहू देण्यास केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितले आहे. आई, सासू, जाऊ, जी तिला हवी ती.

इथे गावच्या सुईणबाईची आठवण काढायला हवी. तिने आपल्या आयाआज्यांना सोडवले. तिला मोडीत काढू नये. तिला बरोबर न्यावे. तिचा हात पाठीवर असला की बाईला धीर येतो, आणि तिच्या शब्दाला घरात मान असतो. तिने "आता इथं थांबू नका" म्हटले की आजेसासूसुद्धा ऐकते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम सुरू केले, ते अशाच गावच्या बायांना हाताशी धरून. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, पण गरोदर बाईकडे कसे लक्ष ठेवायचे हे त्या शिकल्या आणि घरोघर जाऊन सांगू लागल्या. गावाने त्यांचे ऐकले, कारण त्या गावच्याच होत्या. आजची आशाताईही गावचीच आहे.

उसाच्या फडातली बहीण

दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या भागांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस काम बुडाले की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग आठव्या-नवव्या महिन्यातही बाई मोळ्या उचलते, पहाटे कोपीत भाकरी थापून फडात जाते. तिचे कार्ड गावी राहिलेले, इथली आशाताई तिला ओळखत नाही, आणि टोळी आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात.

उसाचे मळे असलेल्या वाचक कुटुंबांना विनंती आहे. टोळी तुमच्या रानात उतरली की त्यात कोणी दोन जिवांची आहे का, हे घरच्या बाईने जाऊन विचारावे. असेल तर गावच्या आशाताईला सांगावे. तिचे नाव कोणत्याही सरकारी दवाखान्यात घालता येते, आणि तिचे बाळंतपण तिथे फुकटच होते, मग ती कुठल्या का जिल्ह्याची असेना. रात्री हाक आली तर आपली गाडी काढावी. मुकादमाला दोन शब्द सुनवायचे ते कारभाऱ्यांनी सुनवावे. आपला ऊस वेळेत कारखान्याला जावा म्हणून एखादी बाई बांधावर बाळंत व्हावी, हे कोणत्याही शेतकऱ्याला शोभणारे नाही.

हक्काचे काय आहे

जून २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवणही मिळते. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, आणि बाळंतपणानंतर परत घरी न्यायला गाडी आहे. तान्ह्या बाळाच्या आजारपणाचा उपचारही यातच येतो. कोणी पैसे मागितले तर पावती मागावी, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगावे.

जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्रामीण बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत, अटीत बसणाऱ्या घरात, पहिल्या बाळाला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये. हे पैसे बाईच्या बँक खात्यात येतात. म्हणून खाते तिच्या नावाचे हवे, आणि आधारकार्डावरचे नाव खात्याशी जुळायला हवे. हे काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच उरकावे. पैसे वेळेवर येतीलच या भरवशावर मात्र राहू नये, हाताशी थोडे ठेवावे.

डोहाळजेवणाच्या दिवशी

आता मुख्य गोष्ट. सातव्या महिन्यात आपल्याकडे डोहाळजेवण होते. सासरची, माहेरची, शेजारची माणसे जमतात. ओटी भरतात, पेढा की बर्फी ओळखायला सांगतात. त्याच दिवशी, सगळी समोर असताना, एक कागद लिहावा. लिहायला शाळेतल्या पोरीला बसवावे. त्यात इतके असावे:

१. बाळंतपणाची अंदाजे तारीख, आणि बाळंतपण सासरी की माहेरी.

२. कोणत्या दवाखान्यात जायचे, आणि तिथे जमले नाही तर पुढचा कोणता. पुढच्या ठिकाणी सिझर होते का आणि रक्त मिळते का, हे आशाताईला विचारून लिहावे.

३. १०८, १०२, आशाताई आणि नर्सबाई यांचे फोन क्रमांक. गावातल्या दोन गाडीवाल्यांची नावे आणि त्यांचे क्रमांक.

४. रक्त द्यायला तयार असलेले दोन धडधाकट गडी. नवरा पहिला.

५. बाजूला काढून ठेवलेले पैसे, आणि ते कोणाजवळ आहेत. बचत गटातल्या बायांनी यासाठी गटात थोडी रक्कम वेगळी ठेवावी, म्हणजे सावकाराच्या दारात जावे लागत नाही.

६. बरोबर कोण बाई जाणार. घरी पोरे कोण सांभाळणार, धार कोण काढणार.

७. कारभारी घरी नसतील तर निर्णय कोणी घ्यायचा. इथे सासूबाईंचे नाव लिहावे, आणि त्यांच्याखाली स्वतः सुनेचे. तिने "चला" म्हटले की निघायचे, कोणी घरी येण्याची वाट पाहायची नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला धोक्याच्या खुणा लिहाव्यात. गरोदरपणात केव्हाही अंगावर रक्त जाणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हात आणि तोंड सुजणे. झटके येणे. थंडी वाजून ताप येणे. बाळाची हालचाल कमी होणे. कळा नसताना पाणी जाणे. कळा सुरू होऊन बारा तास झाले तरी बाळ न येणे. बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे, किंवा रक्त न थांबणे. यातली एक जरी खूण दिसली तरी लगेच निघायचे.

एक पिशवीही त्याच दिवशी भरून खुंटीला लावावी. कार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, बाईची दोन लुगडी, बाळासाठी धुऊन उन्हात वाळवलेली मऊ सुती फडकी, एक टोपडे.

घरी परत आल्यावरही काम संपत नाही. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा बाळ-बाळंतिणीला बघायला येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती आली की "सगळं बरं आहे" म्हणून दारातूनच लावून देऊ नका. तिला आत घ्या, बाळाचे वजन करू द्या, बाळंतिणीला विचारू द्या.

गावकऱ्यांसाठी शेवटचे दोन शब्द. पाणंद रस्त्यावर मुरूम टाकणे, ओढ्यावर फरशी घालणे, उपकेंद्रात रात्री दिवा आणि पाणी आहे की नाही हे बघणे, ही कामे ग्रामसभेत मागता येतात. गावच्या आरोग्य समितीला थोडा निधी येतो. त्यातून गरीब बाईच्या गाडीभाड्याची सोय करा, असे ग्रामसभेत उभे राहून सांगा. बायांनी एकत्र जाऊन सांगितले तर लवकर ऐकले जाते.

ज्या घरात या वर्षी पाळणा हलायचा आहे, त्या घरच्या बाईने हे पान कापून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. ज्या घरात नाही, तिथून ते शेजारी द्यावे. तुमच्या गावाने गाडीची, रक्ताची किंवा पोरे सांभाळायची काही चांगली व्यवस्था लावली असेल तर आम्हाला पोस्टकार्डावर चार ओळी लिहून कळवा. दुसऱ्या गावांना ती उपयोगी पडेल.